मश्कंतेचा योएत्स कोणाचा माणूस?



गेल्या अंकात मी गुडघेदुखीवर लिहिले होते. त्यानंतर तीन फोन आले आणि तिन्हीपैकी एकही गुडघ्यांबद्दल नव्हता! एका बाईंनी विचारले, "सिस्टर, नातवाच्या मश्कंतेसाठी एक योएत्स सहा हजार शेकेल मागतो, द्यावे का?" एका गृहस्थांना त्यांच्या मुलाने सांगितले होते की बाबा, तुमच्या घराचे कागद आठ दिवस पाहिजेत, विशेष काही नाही. तिसरा फोन माझ्या सख्ख्या भाचीचा. तिची हकिगत पुढे येईल, तिला विचारूनच लिहिते आहे.

मी नर्स. मला व्याजातले काय कळणार, असे मलाही आधी वाटले. पण मागच्या वर्षी माझ्याच घरात हा सगळा प्रकार झाला तेव्हा एक वही घेतली आणि वॉर्डात केसपेपर लिहायचे तसे एकेक लिहून काढले. त्या वहीतूनच आज लिहिते.

आपल्यातल्या पुष्कळांनी मश्कंता, म्हणजे घर गहाण ठेवून घेतलेले कर्ज, जन्मात पाहिलेली नाही. आलो तेव्हा अमिदारची घरं मिळाली. दोन खोल्या, बाहेर वाळू. भाडं थोडं, पुढे तेच घर हप्त्याने आपल्या नावावर झालं. ज्यांनी बाहेर घर घेतले त्यांचा अनुभव वेगळा. आम्ही १९८१ साली घेतले. सल्लागार हा प्राणी तेव्हा आमच्या पाहण्यात नव्हता. बँकेत एक फकीद होता, त्याने कागदावर फुल्या मारून ठेवल्या होत्या आणि आम्ही फुलीफुलीवर सह्या केल्या. हिब्रू बोलता येत होती, पण असले बारीक अक्षर कोण वाचतो? कर्ज मदादला जोडलेले आहे हे आम्हाला कळले ते पहिले वर्ष संपल्यावर.

मुलांनो, मदाद म्हणजे महागाईचा आकडा. समजा तुम्ही मित्राकडून १०० शेकेल घेतले आणि कर्ज मदादला जोडलेले आहे. वर्षात महागाई ३ टक्के वाढली की व्याज सोडून तुमचे मूळ देणेच १०३ होते. आता १९८४ साली इथली महागाई वर्षाला ४०० टक्क्यांच्या वर गेली होती. करा हिशोब! पगारही वाढत होते म्हणून वाचलो. दर महिन्याला हप्ता भरायचा आणि बाकीचा आकडा पाहिला तर तो वाढलेलाच. माझे मिस्टर म्हणायचे, "हे घर आपण विकत घेत नाही आहोत, पाळतो आहोत." १९८५ साली सरकारने महागाई आटोक्यात आणली, नवा शेकेल आला, मग श्वास घेतला.

हे सांगायचे कारण, मदादला जोडलेली कर्जे अजूनही मिळतात. त्यात सुरुवातीचे व्याज कमी दिसते म्हणून मुले भुलतात. कमी का दिसते ते फुली मारणारा सांगत नाही.

आता आजचे. घर घ्यायला निघालेल्या पोरांभोवती चार माणसे गोळा होतात आणि सगळेच 'मी तुमच्यासाठी आहे' म्हणतात. पहिला मेतावेख, म्हणजे घराचा दलाल. त्याला १९९६ च्या कायद्याने परवाना लागतो. सौदा झाला तर त्याचे पैसे, नाही झाला तर नाही. म्हणजे सौदा व्हावा ही त्याची इच्छा. दुसरा वकील. तिसरी बँकेत बसलेली मुलगी, तिच्या टेबलावर 'योएत्सेत मश्कंताओत' अशी पाटी असते. आणि चौथा खासगी योएत्स, तोही स्वतःला तेच म्हणवतो. इथेच घोटाळा होतो. बँकेतली मुलगी कितीही गोड बोलली तरी तिचा पगार बँक देते आणि ती फक्त आपल्या बँकेचे कर्ज विकते. औषध कंपनीचा माणूस डॉक्टरकडे बॅग घेऊन यायचा ना, तसे. त्याचे औषध वाईट असते असे नाही, पण शेजारच्या कंपनीचे औषध स्वस्त आहे हे तो कधी सांगणार नाही.

खासगी योएत्सने उलटे करायचे असते. तो तुमच्या बाजूने बसतो, चार बँकांकडे तुमचा अर्ज नेतो, त्यांच्यात घासाघीस करतो, आणि फी तुम्ही देता. काही हजार शेकेल, वर माआम, म्हणजे २०२५ पासून १८ टक्के. माझा ठाण्याचा पुतण्या फोनवर हसत होता, "काकू, आमच्याकडे होम लोनचा एजंट फुकट येतो, घरी येऊन कागद नेतो!" फुकट कसला, बँक त्याला कमिशन देते. जी बँक देते तिच्याकडे तो तुला नेतो, हे त्याला सांगितले तेव्हा गप्प झाला.

पण फी घेतली म्हणून तो तुमचा झाला असे नाही. मेतावेखसारखी परीक्षा, परवाना या धंद्यात नाही. काल दुसरे काही करणारा माणूस आज कार्ड छापून योएत्स होऊ शकतो. चांगले आहेत, पुष्कळ वर्षे बँकेत काढलेले, प्रामाणिक, पण ते तुम्हालाच ओळखावे लागतात.

भाचीने ओळखले नाही. घर ११ लाखांचे. दलालाच्या ऑफिसातच एक योएत्स बसायचा, त्याने पगाराचे दोन तलूश पाहिले न पाहिले आणि म्हणाला, "इशूर म्हणजे खिशात." चार हजार आगाऊ घेतले. घरमालकाला दुसरे गिऱ्हाईक आले आहे, आजच करार करा असे सांगितले गेले, आणि पोरीने सही केली. वकील एकच, तो घरमालकाचा. नंतर योएत्सने एका बँकेकडे, हो, एकाच, अर्ज केला आणि बँकेने नाही म्हटले. जावयाच्या खात्यात मागल्या वर्षी दोन-तीन हप्ते परत गेले होते. नोकरी गेली होती त्या काळातले. ते भाचीलाही ठाऊक नव्हते. करारात लिहिले होते, मोडला तर किमतीच्या १० टक्के भरपाई. म्हणजे १ लाख १० हजार! शेवटी दुसऱ्या वकिलाने मध्ये पडून ६० हजारांवर मिटवले. लग्नापासून साठवलेले होते ते. योएत्सला फोन केला तर तो म्हणाला, माझ्या कागदात 'प्रयत्न करीन' एवढेच आहे. आणि खरेच, एवढेच होते.

दोन गोष्टी तिने आधी केल्या असत्या तर हे टळले असते. एक, स्वतःचा नेतूने अश्राय, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा अहवाल. बँक ऑफ इझ्राएलने २०१९ पासून ही नोंदवही सुरू केली आहे, आणि आपला अहवाल आपल्याला फुकट मागवता येतो. बँक जे पाहणार ते आपण आधी पाहावे. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतो, तसेच. दुसरी गोष्ट, करारावर सही करण्याआधी बँकेचा इशूर इक्रोनी, म्हणजे तत्त्वतः मंजुरी, हातात हवी. खिशात नव्हे, हातात!

ही मंजुरी आता स्वतःच मागता येते, योएत्स नसला तरी. ऑगस्ट २०२२ पासून बँक ऑफ इझ्राएलचा नियम असा की सगळे कागद दिल्यावर बँकेने पाच कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचे, आणि त्या कागदात तीन ठरलेले नमुने सगळ्या बँकांनी एकसारखे दाखवायचे. पहिल्या नमुन्यात सगळे कर्ज कायम व्याजाचे, बाकीच्यांत मिसळ. त्यामुळे तीन बँकांचे कागद शेजारी शेजारी ठेवले तर सातवीतले पोरसुद्धा कुठले स्वस्त ते सांगेल. दिलेले व्याज २४ दिवस टिकते, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. पूर्वी प्रत्येक बँक आपल्या भाषेत बोलायची, कोणाला काही कळू नये अशा बेताने. निदान मला तसेच वाटते.

किती कर्ज मिळते याचेही नियम आहेत. पहिले आणि एकमेव घर असेल तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, उरलेले २५ टक्के आपले. हप्ता उत्पन्नाच्या ४० टक्क्यांवर गेला की बँका नाक मुरडतात, आणि ५० च्या वर तर परवानगीच नाही. मुदत ३० वर्षांहून जास्त नाही. कर्जाचा किमान तिसरा हिस्सा कायम व्याजाचा लागतो. बाकीचा प्राईमवर घेता येतो, म्हणजे बँक ऑफ इझ्राएलचा दर अधिक दीड टक्का. एप्रिल २०२२ च्या सुरुवातीला तो दर ०.१ टक्का होता, मे २०२३ मध्ये ४.७५ झाला. आमच्या बिल्डिंगमधल्या एका जोडप्याने २०२१ मध्ये दोनतृतीयांश प्राईमवर घेतले होते, "स्वस्त आहे" म्हणून. दोन वर्षांत पोराची संध्याकाळची दुसरी नोकरी सुरू झाली.

आता माझ्या घरातली गोष्ट. नातू आणि त्याची बायको बेर शेवाला घर पाहत होते, १२ लाखांचे. ७५ टक्के म्हणजे ९ लाख कर्ज, आणि ३ लाख स्वतःचे हवेत. त्यांच्याकडे होते २ लाख ४० हजार. साठ हजारांवर सगळे अडले. त्यांना कोणीतरी एक योएत्स सुचवला. तो आमच्या घरी आला, नीट कपडे, नीट बोलणे. मी पोहे केले, चहा दिला. पोहे संपल्यावर त्याने विषय काढला. "साव्ता, तुमचं घर पूर्ण फेडलेलं आहे. त्यावर एका कंपनीकडून दीड लाख काढू. पोरांना हातात पैसे खेळते राहतील. तुमची फक्त एक सही. फक्त कागद आहे."

मी चाळीस वर्षे ऑपरेशनच्या संमतीपत्रांवर लोकांच्या सह्या घेतल्या आहेत. 'फक्त कागद' असा कागद मी पाहिलेला नाही. मी विचारले, पोरांनी हप्ता नाही भरला तर? तो म्हणाला, असं का बोलता, देव न करो. मी म्हटले, देव न करोच, पण कागदात काय लिहिले आहे? तेव्हा कबूल केले की मग कंपनी माझ्या घरावर येऊ शकते. मग मी दुसरा प्रश्न विचारला: "तुला पैसे कोण देतं?" तो थोडा वेळ कपाकडे पाहत राहिला. मुलांकडून सात हजार आणि माआम, हे आम्हाला ठाऊक होते. त्या कंपनीकडूनही 'थोडंसं' मिळतं, हे ठाऊक नव्हते. घेऊ नये असे माझे म्हणणे नाही, पण आधी सांगायला हवे होते की नको? साठ हजारांची गरज असताना दीड लाख का, याचेही उत्तर त्यातच होते.

मी सही केली नाही. सून चार दिवस बोलली नाही. तिच्या आईने मुलीला घर दिले होते, आणि मी नातवाला कागदसुद्धा देत नाही असे झाले. त्या चार दिवसांत मलाही वाईट वाटत होते, उगीच कशाला सांगू की नाही म्हणून? रात्री दोनदा उठून घराचे कागद काढून पाहिले. त्याच कागदांवर मिस्टरांची सही आहे.

पाचव्या दिवशी नातू स्वतः आला आणि म्हणाला, दुसरा योएत्स पाहू, पण तू बरोबर चल. गेलो अश्दोदला एका बाईंकडे. त्यांनी पहिल्या भेटीचे पैसे घेतले नाहीत. बोलण्याआधी कागद मागितले: दोघांचे तीन महिन्यांचे तलूश, बँकेचा तीन महिन्यांचा उतारा, आणि तो कर्जफेडीचा अहवाल. मग म्हणाल्या, गाडीच्या कर्जाचा १,४०० चा हप्ता अजून तीन वर्षे आहे, बँक तो तुमच्या उत्पन्नातून वजा करील. १५ हजार हाती येतात ते बँकेच्या नजरेत १३,६००. त्याचे ४० टक्के म्हणजे ५,४४०, याच्या आत हप्ता बसवा. नातवाला हे कोणी सांगितलेच नव्हते.

फी ५,५०० आणि माआम, लेखी. तिसरा हिस्सा आधी, बाकी मंजुरी हातात आल्यावर. 'दुसऱ्या कोणाकडून मोबदला घेणार नाही' हे वाक्य मी आग्रहाने घालायला लावले. त्या हसल्या आणि घातले. चार बँकांत अर्ज गेले. हिशोब सोपा व्हावा म्हणून सगळे ९ लाख एकाच कायम व्याजाने धरा (हे आजचे भाव नव्हेत, आमच्या वहीतले आकडे): ५ टक्क्यांनी ३० वर्षे घेतले तर हप्ता ४,८३१. ४.७ टक्क्यांनी ४,६६८. महिन्याला १६३ शेकेल म्हणजे काय, एक दिवसाचा बाजार. पण ३० वर्षांत सुमारे ५९ हजार होतात. आणि तेच ४.७ टक्क्यांनी २५ वर्षांत फेडले तर हप्ता ५,१०५, म्हणजे सुमारे ४४० जास्त, पण शेवटी जवळजवळ १ लाख ४९ हजार वाचतात. बाईंनी हे कॅल्क्युलेटर नातवाच्या हातात देऊन त्याच्याकडूनच करवून घेतले. मला ते फार आवडले. पेशंटला इन्शुलिन टोचायला आपण असेच शिकवतो.

त्यांनी आणखी एक सांगितले, जे बँकेत कोणी म्हणाले नव्हते. मश्कंतेबरोबर जीवनविमा आणि घराचा विमा घ्यावाच लागतो, पण तो बँकेच्याच एजन्सीकडून घ्यायची सक्ती नाही. बाहेर दोन ठिकाणी भाव विचारले, फरक पडला. आणि हेही म्हणाल्या की दोघांना पक्का पगार आहे, कर्ज साधे आहे, तुम्ही स्वतः चार बँका फिरलात तरी जमेल, माझ्याशिवाय. धंद्यातली व्यक्ती असे म्हणते तेव्हा मी तिच्यावर विश्वास ठेवते. नातवाला कामावरून सुट्टी मिळत नव्हती म्हणून त्यांनाच ठेवले. ज्याचा स्वतःचा धंदा आहे, पगार नाही, ज्याला एकदा बँकेने नाही म्हटले आहे, किंवा जुनी मश्कंता बदलून घ्यायची आहे, त्याला मात्र चांगला योएत्स हवाच.

तर फोन करणाऱ्या त्या बाईंना माझे उत्तर: सहा हजार जास्त आहेत की कमी, हे नंतर पाहू. आधी त्याला विचारा, किती बँकांकडे जाणार, बँकेकडून, विमावाल्याकडून किंवा आणखी कोणाकडून काही घेतोस का, आणि नकार आला तर माझ्या पैशाचे काय. तिन्ही उत्तरे कागदावर. 'करारात किंमत वाढवून लिहू, म्हणजे कर्ज जास्त मिळेल' असे कोणी म्हटले तर चहासुद्धा देऊ नका, ती बँकेची फसवणूक आहे आणि सही पोरांची असते. त्या गृहस्थांना उत्तर: घराचे कागद आठ दिवसांसाठी जात नाहीत, काका. जामीन राहणे वेगळे आणि घर गहाण ठेवणे वेगळे, मुलगा कुठले मागतो ते आधी समजून घ्या, आणि सही करण्याआधी स्वतःचा वकील पाहा, मुलाचा नव्हे. मुलावर विश्वास नाही म्हणून नव्हे. मुलगाही कोणावर तरी विश्वास ठेवूनच आला असेल.

मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. साव्ता-साबांच्या हातात असा कागद दिसला तर त्यांना तो वाचून दाखवा. "काही नाही गं, नेहमीचंच आहे" असे सांगू नका. ओळ न ओळ वाचा, कठीण शब्द आला तर थांबा. वेळ लागला तर लागू दे.

भाची छोट्या कोर्टात गेली आहे, तिथे वकिलाशिवाय जाता येते. चार हजार परत मिळतील की नाही ते अजून ठरायचे आहे. साठ हजार गेले ते गेलेच.

आणि हो, नातवाला लागणारे ६० हजार मी माझ्या ठेवीतून दिले. जमण्यासारखे होते म्हणून दिले, सगळ्यांना जमेल असे नाही. घर माझे माझ्या नावावर राहिले, आणि सून आता रोज फोन करते. गेल्या हनुकाच्या आधी चावी मिळाली. नव्या घरात एलियाहू हन्नबीचा मलिदा केला. मलिद्याला पोहे मीच भिजवले, दोन किलो, आणि तरीही कमी पडले कारण भाचीकडचे सगळे आले होते.

तीन वाचकांनी 'मश्कंता हफुखा'बद्दल विचारले आहे, म्हणजे म्हाताऱ्यांनी स्वतःच्या घरावर पैसे काढायचे आणि हयातीत हप्ता भरायचा नाही, तो प्रकार. त्याचे कागद मागवले आहेत, वाचते आहे. पुढच्या अंकात.